उजव्या डोळ्याचा नेम

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी खेळ बनवते असं सांगते. कसले खेळ, असं पुढे विचारलं की जरा अडखळते. कारण गेली काही वर्षं मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळातला बंदुकीचा नेम, एवढंच बनवते आहे. खारघरला आमची छोटी कंपनी आहे, खाली दातांचा दवाखाना आणि वर आम्ही. पनवेलच्या गावठाणातल्या आमच्या घरातून मी रोज स्कूटीने जाते-येते. खरी बंदूक आयुष्यात एकदाच हातात धरली आहे, तीही छर्‍याची.

हे सगळं आज सांगायचं कारण माझी आई. ती आता बरी आहे, अगदी ठणठणीत आहे, आणि म्हणूनच हे मोकळ्या मनाने सांगता येतं.

आधी नेमाविषयी थोडं सांगावं लागेल. ज्या खेळांत खेळणाराच बंदूक घेऊन चालतो आणि सगळं त्याच्याच नजरेने दिसतं, त्यातल्या बहुतेकांत स्क्रीनच्या मधोमध एक बारीक फुली असते. फुली शत्रूवर आणायची, बटण दाबायचं, गोळी तिथेच लागते. सोपं आणि खोटं. खर्‍या बंदुकीला फुली नसते. मागच्या बाजूला एक खाच असते, नळीच्या पुढच्या टोकाला एक उभी काडी असते. बंदूक डोळ्यांसमोर आणायची, एक डोळा मिटायचा, खाचेच्या बरोबर मधे काडी आणायची आणि काडीच्या टोकावर लक्ष्य ठेवायचं. या तिन्हींतलं एक जरी हललं तरी गोळी भलतीकडे जाते.

आमचा खेळ हेडसेट घालून खेळायचा आहे. डोळ्यांवर डबा चढवायचा, दोन हातांत दोन कंट्रोलर धरायचे. आमच्या खेळात फुली नाही. तुम्ही खरोखर हात वर उचलता, खरोखर एक डोळा मिटता. कंपनीत हे ठरलं तेव्हा मला फार आवडलं होतं, आणि मग ते माझ्याच गळ्यात पडलं. अडचणी एकातून एक निघत गेल्या. कंट्रोलरला वजन नसतं आणि बंदुकीचा दस्ता टेकवायला खांदाही मिळत नाही, त्यामुळे हात खर्‍यापेक्षा जास्त थरथरतो. ती थरथर थोडी शोषून घ्यावी लागते, पण सगळी घेतली तर बंदूक तेलात बुडवल्यासारखी वाटते. शिवाय हेडसेटमध्ये जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट दिसतं. खर्‍या डोळ्याचं तसं नसतं. मी छर्‍याच्या बंदुकीच्या रेंजवर गेले होते तेव्हा तिथल्या कोचसरांनी पहिली गोष्ट तीच सांगितली होती, की डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो, म्हणून काडी बघ, लक्ष्य पुसट दिसलं तरी चालेल. तो पुसटपणासुद्धा आम्हाला मुद्दाम तयार करावा लागला.

मग टेस्टिंगची वेळ आली. आम्ही सगळे खेळून खेळून सरावलेले, आमच्या हातांना कशाचीही सवय झालेली. आयुष्यात असला खेळ न खेळलेली माणसं हवी होती. प्रत्येकाने हेडसेट घरी न्यायचा आणि घरच्यांना खेळायला लावायचं, असं ठरलं. माझ्या घरी मी आणि आई, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, धाकटी बहीण लग्नानंतर पुण्याला असते.

आई उरणकडची. तिच्या माहेरी मिठागरं होती आणि अंगणभर बोंबील, वाकट्या वाळत पडलेल्या असायच्या. लहानपणी कावळे हाकलायचं काम तिच्याकडे असायचं, गलोल घेऊन. तिचा नेम इतका पक्का होता की मामा लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. लग्न होऊन ती पनवेलला आली, शेतजमिनी गेल्या, गावाभोवती इमारती उठल्या, तरी तिची भाषा बदलली नाही. आम्ही बहिणी शाळेत गेलो आणि शहरी बोलायला लागलो, ती मात्र अजून आमच्याशी आगरीतच बोलते.

मी हेडसेट आणला तेव्हा तिने आधी नकार दिला. माणसं मारायची असतील तर नको म्हणाली. मी तिला लढाईच्या भागात नेलंच नाही. आमच्या खेळात सरावासाठी एक मैदान आहे, तिथे एका कट्ट्यावर मडकी मांडलेली असतात. ती फोडायची. मडकी म्हटल्यावर ती तयार झाली. दिवाळी नुकतीच झाली होती, रविवारची दुपार होती. मी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला, तिच्या चष्म्यावरूनच हेडसेट चढवला, कंट्रोलर हातात दिले, आणि आई नऊवारीचा पदर खोचून आमच्या हॉलमध्ये बंदूक घेऊन उभी राहिली.

कसं करायचं ते मी दोनदा सांगितलं. तिला ते पटकन समजलं. डावा डोळा तिने आपणहून मिटला, गलोलीची सवय. पहिली गोळी हवेत गेली, दुसरीही गेली. मी लॅपटॉपवर तिला काय दिसतंय ते बघत होते. मला तर काडी बरोबर मडक्यावर दिसत होती, पण ती ऐन वेळी हात किंचित डावीकडे सरकवायची. असं बर्‍याचदा झालं. मग ती वैतागली आणि तिने डोळा बदलला, उजवा मिटला, बंदूक डाव्या डोळ्यासमोर आणली. धडाधड तीन मडकी फुटली. ती खूश होऊन हसायला लागली.

मी विचारलं की आधी काय होत होतं. ती म्हणाली, "तुजी ती काडी वाकरी हाय गो. उजव्या डोल्याला वाकते."

तिचं म्हणणं मी टाळलं नाही, कारण टेस्टिंगला आलेल्या माणसाचं कुठलंही म्हणणं टाळायचं नाही हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. माणूस चुकीचं कारण सांगेल, पण त्याला जे दिसलं ते खरंच दिसलेलं असतं. आणि वाकड्या काडीचं कारण तर मला लगेच सुचलं. हेडसेटमध्ये दोन जाड भिंगं असतात. जाड भिंगातून सरळ रेष वाकलेली दिसते, म्हणून आम्ही चित्रच आधी उलट्या बाजूने वाकवून दाखवतो, म्हणजे भिंगातून ते सरळ दिसतं. हे गणित जरा चुकलं की रेषा वाकतात. मला वाटलं, उजव्या भिंगाचं गणित चुकलंय.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं. चित्र दाखवण्याचा भाग माझा एक सहकारी बघतो. तळोज्याला राहतो, फार बोलत नाही, पण त्याच्या कामात चूक काढली की त्याचे कान लाल होतात. त्याने उजवं भिंग तपासलं, गणित तपासलं, मग ऑफिसातल्या सगळ्यांना हेडसेट घालून काडी बघायला लावली. कुणालाच वाकडी दिसली नाही. त्याने मला सांगितलं की आईच्या चष्म्यामुळे होत असेल. ते मला पटलं.

त्या संध्याकाळी मी आईला चष्मा काढून बघायला लावलं. काडी थोडी पुसट झाली, पण वाकडी ती वाकडीच. मी विचारलं, कशी वाकडी? ती म्हणाली, मधेच चिमटा काढल्यासारखी. हे मी जसंच्या तसं सहकार्‍याला सांगितलं आणि तो एकदम सरळ बसला. भिंगाचं गणित चुकलं तर नेमकं तसंच दिसतं, रेषा मधल्या बाजूला ओढल्यासारख्या. आता त्यालाही खात्री पटली की कुठेतरी चूक आहे. तो आठवडाभर त्याच्या मागे लागला. मीही लागले. दुसरा हेडसेट आणला, त्यातही आईला तेच दिसलं. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती टाकली, तरी तेच. आईला आता या सगळ्याचा कंटाळा यायला लागला होता. भाजी निवडताना मी हेडसेट घेऊन समोर उभी राहिले की ती म्हणायची, आली बंदूकवाली.

शनिवारी सहकारी स्वतः घरी आला. कुणाच्या तरी घरी जाऊन बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधायची ही त्याची पहिलीच वेळ असावी. त्याने दारातच चप्पल काढून पायरीला नीट लावली आणि आईला नमस्कार केला. आईने त्याला आधी पोहे खायला लावले. मग तो कामाला लागला.

त्याने एक साधी युक्ती केली होती. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र जातं. त्याने एक बटण असं बनवलं होतं की ते दाबलं की डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जाईल. चूक चित्रात असेल तर बटण दाबल्यावर वाकडेपणा आईच्या डाव्या डोळ्याकडे जायला हवा होता. आईला त्याने काही न सांगता एकेक डोळा मिटून काडी बघायला सांगितली. उजव्याने वाकडी, डाव्याने सरळ. बटण दाबलं. पुन्हा उजव्याने वाकडी, डाव्याने सरळ. तिसर्‍यांदाही तसंच.

मग त्याने आईला विचारलं की काडीवरून नजर हटवून बाजूच्या मडक्याकडे बघितलं तर काय दिसतं. ती म्हणाली की आता मडकं चिमटलं. जिथे बघेन तिथेच होतं, म्हणाली, आणि अगदी मधे एक ठिपका आहे, तिथे काहीच दिसत नाही.

चुकीचं गणित नजरेबरोबर फिरत नाही. ते भिंगाच्या जागी राहतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. तो हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं, एवढंच म्हणाला, "हा बग आपला नाहीये गं."

मी आईच्या डोळ्यांवरून हेडसेट काढला आणि तिला खिडकीशी नेलं. डावा डोळा हाताने झाकून ग्रिलच्या उभ्या गजांकडे बघायला सांगितलं. तिने बघितलं, हात बदलला, पुन्हा बघितलं. मग ती माझ्याकडे वळली. "गजपण वाकरंच दिसतान," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, आश्चर्य होतं. घरातली खिडकी ती रोज बघत होती, पण दोन्ही डोळ्यांनी. एक डोळा झाकून खिडकीकडे कोण बघतं?

कधीपासून असं होत असेल, हे तिला सांगता येईना. मधूनमधून वाचताना अक्षरं हलल्यासारखी वाटायची म्हणे, पण चष्म्याचा नंबर वाढला असेल असं तिला वाटलं होतं. सहकार्‍याने त्याचं सामान आवरलं. जाताना त्याने मला सांगितलं की सोमवारी ऑफिसला येऊ नकोस, आधी हे बघ. मग जरा थांबून म्हणाला की सोमवारपर्यंत तरी कशाला थांबतेस, आत्ताच फोन कर.

मी फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना पनवेलमध्येच आहे, शनिवारी संध्याकाळी त्या बसतात असं कळलं. दोन तासांत आम्ही तिथे होतो. मधल्या वेळात मी मोबाइलवर काही शोधलं नाही. शोधायची हिंमत झाली नाही, असं म्हणणं जास्त खरं. आई मात्र शांतपणे साडी बदलून, केस विंचरून निघाली. वाटेत ती मला म्हणाली की डोळा गेला तर एक आहेच की. मी स्कूटी चालवत राहिले.

दवाखान्यात आईच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवलं, मग एका मशीनसमोर हनुवटी टेकवून फोटो काढला. डॉक्टरबाईंनी तो फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. डोळ्याचा पडदा आतून कापून बाजूने बघावा तसं ते चित्र होतं, थरावर थर, आणि मधोमध त्या थरांना एक फट. त्यांनी सांगितलं की पडद्याच्या ज्या भागाने माणूस नेमकं बघतो, तिथे बारीक छिद्र पडलंय. वय झालं की डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग आकसतो, आकसताना पडद्याला ओढतो, आणि कधीकधी फाटतं. आईने काही चुकीचं केलेलं नव्हतं आणि कुणालाही हे होऊ शकतं.

आईनेच विचारलं, "मंग आता दिसाचा नाय?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिसणार, मावशी. छिद्र लहान आहे अजून. लवकर आलात. ऑपरेशन केलं की बहुतेक वेळा बंद होतं."

लहान आहे अजून. लवकर आलात. पुढचे कितीतरी दिवस मी ही दोन वाक्यं मनात म्हणत होते. त्यांनी मग विचारलं की हे तुमच्या लक्षात कसं आलं, कारण एका डोळ्याचं असं असलं की दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि लोक वर्षभर तसेच राहतात, मग छिद्र मोठं होतं, मग फारसं काही करता येत नाही. मी सांगायला लागले तर त्यांना आधी कळेचना. बंदूक? कुठली बंदूक? आई मधेच म्हणाली की मडकी फोडत होते. डॉक्टरबाई हसल्या, आणि मीही हसले.

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. तसं मोठं नव्हतं, जागेपणीच केलं, डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन. आतली जेली काढतात आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो बुडबुडा छिद्रावर दाबून बसला पाहिजे, म्हणजे छिद्राच्या कडा जुळतात. बुडबुडा वर तरंगतो आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणून माणसाने तोंड खाली करून राहायचं. झोपतानाही, बसतानाही, जेवतानाही. काही दिवस तसंच. आणखी एक ताकीद होती, ती ऐकून मला गंमत वाटली. बुडबुडा जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, आणि घाट चढून पुण्याकडे जायचं नाही. उंचावर गॅस फुगतो आणि डोळ्यावर दाब येतो. बहिणीने आईला विश्रांतीसाठी तिच्याकडे न्यायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, नवर्‍याला गाडी घेऊन पाठवतही होती. मी फोनवर सांगितलं की आईला पळस्प्याच्या पुढे चढावर न्यायचंच नाही असं डॉक्टर म्हणतायत. मग तीच बॅग घेऊन खाली आली.

आईला तोंड खाली करून बसवणं हे आमचं घरातलं सगळ्यात अवघड काम झालं. ती आयुष्यात कधी स्वस्थ बसलेली नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर गोधडीची गुंडाळी ठेवली, तिच्यावर ती कपाळ टेकवायची. कंटाळा आला की पलंगावर आडवी पालथी पडायची, डोकं कडेच्या बाहेर. मोबाइल जमिनीवर ठेवला की डाव्या डोळ्याने ती मालिका बघायची. शेजारच्या बायका भेटायला यायच्या तेव्हा खुर्चीवर बसून काही उपयोग नसायचा, कारण आई वर बघू शकत नव्हती. मग त्या खाली फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि आईच्या चेहर्‍याखाली मान वाकवून बोलायच्या. एकदा तर तीन बायका पलंगाच्या कडेला जमिनीवर बसून वर बघत होत्या आणि आई वरून त्यांना कुणाच्या तरी लग्नाची हकीकत सांगत होती. बहीण आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात ठेवून हसलो. बर्‍याच दिवसांनी आम्ही दोघी एका घरात होतो. आई पालथी पडलेली, आणि आम्ही हसतोय. भीती होती, नाही असं नाही. पण तिला काहीतरी करायला मिळालं होतं. वाट बघायचीच होती, पण नेमकं काय करत वाट बघायची हे माहीत होतं, त्यानेही बरं वाटायचं.

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा बुडबुडा अजून होताच. सुरुवातीला त्या डोळ्याने तिला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसायचं. मग एके दिवशी सकाळी तिने हाक मारली. डोळ्यात वरच्या बाजूला एक आडवी रेघ दिसतेय म्हणाली, रेघेच्या वर स्वच्छ आणि खाली हलणारं पाणी. डॉक्टरांनी असं होणार हे सांगितलं होतं, पण तिने ते तिच्या पद्धतीने समजून घेतलं. रोज सकाळी उठली की ती आम्हाला पाणी कुठपर्यंत उतरलं ते सांगायची. आज भिंतीवरच्या घड्याळापर्यंत उतरलं. आज टीव्हीच्या खाली. खाडीकाठच्या माणसाला ओहोटीची वाट बघणं शिकवावं लागत नाही. पाणी उतरेल तसा वरचा भाग मोकळा होत होता, आणि त्या मोकळ्या भागात ती काय काय दिसतं ते अधीरपणे शोधत होती.

या मधल्या काळात मी ऑफिसला जायला लागले होते. सहकार्‍याने पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. मीच त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की एक बरं झालं, आपल्या भिंगाचं गणित बरोबर होतं. त्याला हे बोलून टाकायचं होतं हे मला कळत होतं, आणि मला राग आला नाही. उलट हसू आलं. त्यानंतर आम्ही खेळात एक बदल केला. तोपर्यंत बंदूक उजव्या डोळ्यालाच सोयीची होती, डाव्याने नेम धरायचा तर मान वाकडी करावी लागायची. आई डोळा बदलून खेळली नसती तर हे आमच्या लक्षातच आलं नसतं. आता खेळ सुरू करताना कुठल्या डोळ्याने नेम धरता ते विचारतो आणि बंदूक त्या बाजूला येते. कितीतरी लोक डावा डोळा निवडतात हे बघून आम्हाला आश्चर्य वाटलं. आमच्या गल्लीत मात्र बातमी भलतीच पसरली होती. सुनेला, सासूला घेऊन बायका माझ्याकडे येऊ लागल्या की तुमच्या डब्यात डोळा तपासून द्या. मी प्रत्येकीला सांगायची की डब्याची काही गरज नाही, एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा, आणि शंका वाटली तर सरळ डॉक्टरांकडे जा. त्यांना ते जरा कमीच वाटायचं.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघी गेलो. बहीण तोपर्यंत राहिली होती. पाणी पूर्ण उतरलं होतं. आईने पुन्हा मशीनसमोर हनुवटी टेकवली. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बहिणीने माझा हात धरला होता आणि तिची नखं रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. आधीचा फोटो आणि आजचा, शेजारी शेजारी. आजच्या चित्रात फट नव्हती. थर एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत सलग गेले होते, मधे एक छोटी खळी, जशी प्रत्येकाच्या डोळ्यात असते तशी.

"बंद झालं," त्या म्हणाल्या. नजर अजून काही महिने सुधारत जाईल, पुढे मोतीबिंदू लवकर होईल तो बघू, पण छिद्र बंद झालं.

आईला त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजव्या डोळ्याने वाचायला लावला. तिने वरच्या ओळी वाचल्या, मग एक ओळ अडखळत वाचली, मग त्याच्या खालचीही दोन अक्षरं सांगितली. रेघा सरळ दिसतात का, असं विचारल्यावर तिने जरा वेळ घेतला. थोड्या थरथरतात म्हणाली, पण वाकत नाहीत.

बाहेर आल्यावर रिक्षात बसलो आणि मला रडू फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं. बहीणही रडायला लागली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि वेग कमी केला, त्याला बहुतेक वाटलं की काहीतरी वाईट घडलंय. आई आमच्या दोघींच्या मधे बसली होती. तिने एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि एक बहिणीच्या.

"रडतंव कला गो?" ती म्हणाली. "दिसतंय मना."

मग ती पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली की बाजारात थांबव. मासळी बाजारात तिने आम्हाला पुढे येऊ दिलं नाही. एकेका कोळणीकडे वाकून, माशाचे कल्ले उघडून, लाल आहेत की नाहीत ते ती बघत होती, भाव करत होती, एकीशी भांडलीही. शेवटी पापलेट घेतलं आणि बहीण आली आहे म्हणून वर थोडी कोलंबी. घरी येऊन तिने कालवण स्वतः केलं, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही तिघी पोटभर जेवलो. मग आई खोलीत गेली, पलंगावर उताणी पडली, हात डोक्याखाली घेतले आणि पंख्याकडे बघत बघत झोपली. मी दार ओढून घेतलं आणि ऑफिसला फोन करून सांगितलं की आज येत नाही.